बोलून ठरलेली किंमत

मराठी माणूस किमतीची 'घासाघीस' करतो. ह्या शब्दातच दोन कठीण पदार्थ एकमेकांवर घासल्याचा आवाज आहे. घासता घासता जो आधी झिजेल तो हरला, असा त्याचा भाव. तमिळ माणूस त्याच व्यवहाराला 'पेरम पेसणे' म्हणतो. 'पेरम' म्हणजे सौदा आणि 'पेसु' म्हणजे बोलणे. तिथे किंमत घासायची नसते, बोलायची असते. हा फरक केवळ कोशापुरता नाही, ह्याचा प्रत्यय मला चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये स्पीकरच्या एका जोडीने आणून दिला.

योग्य किमतीला आपल्याकडे जे शब्द आहेत, तेही पाहण्यासारखे आहेत. 'रास्त' हा फारसीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ सरळ, खरा. 'वाजवी'च्या मुळाशी अरबी 'वाजिब' आहे, म्हणजे जे करणे भाग आहे ते. शिधावाटपाच्या दुकानावर महाराष्ट्रात 'रास्त भाव' अशी पाटी असते. तमिळनाडूत त्याच दुकानाला 'नियाय विलै कडै' म्हणतात, न्याय्य किमतीचे दुकान. संस्कृताशी आपले नाते अधिक जवळचे असे आपण मानतो, पण न्यायाचा संस्कृत शब्द बाजारात नेला तो तमिळांनी. आपण मात्र फारसीच्या सरळपणावर समाधान मानले. आता सरळपणा एकट्याने पाळता येतो. न्यायाला मात्र दोन पक्ष लागतात आणि दोघांचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

वेस्ट मांबलम हे रेल्वेमार्गाच्या पश्चिमेचे मांबलम. पूर्वेला १९२०च्या दशकात त्यागराय नगर वसले, आणि आज मांबलम स्थानकातून त्या बाजूला उतरले की रंगनाथन स्ट्रीटची गर्दी माणसाला आपोआप पुढे ढकलत नेते. पश्चिमेला उतरले की पावले स्वतःच्या चालीने पडू लागतात. अयोध्या मंडपम, फुलांच्या टोपल्या, कॉफीची पूड दळून देणारी दुकाने, आणि मार्गळी महिन्यात घराघरांतून ऐकू येणारे गाणे. अशा वस्तीतल्या एका लहान दुकानात, मोबाइलच्या आवरणांसाठी जागा रिकामी करण्याच्या बेतात, ती जोडी उभी होती. कंपनीने ते मॉडेल बंद केले होते. राहिला होता तो चार वर्षे दुकानात मांडून ठेवलेला, येईल त्याने ऐकलेला आणि हाताळलेला डिस्प्लेचा नग.

अशी वस्तू नवी नसते आणि जुनीही नसते. खोके नाही, म्हणून त्यावर छापलेली किंमत नाही. दाराकडची बाजू उन्हाने फिकट झालेली. दोन्ही स्पीकर एकाच जोडीचे आहेत की नाहीत, हे मागच्या क्रमांकांवरून पाहावे लागते; ट्वीटरचा नाजूक घुमट कुणा मुलाने बोटाने दाबलेला नाही ना, हे तिरप्या उजेडात. मग एकेक स्पीकर वेगळा लावून ऐकायचा. त्यासाठी मृदंगासारखी कसोटी नाही. डाव्या तोंडाचा खर्ज फाटू लागला तर शंकूच्या कडेची पट्टी सैल झाली असे समजावे. ही पट्टी फोमची असली तर समुद्रकाठच्या दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होते. रबराची असली तर पुष्कळ अधिक टिकते.

दुकानदार साठीचे होते. ते मला 'सार' म्हणत आणि मीही त्यांना 'सार'च म्हणत असे. माझे तमिळ आणि त्यांचे इंग्रजी ह्यांच्या सरहद्दीवर आमचे बोलणे चालले होते. नव्या जोडीची किंमत ४०,००० रुपये होती. त्यांनी ३२,००० सांगितले, मी २०,००० म्हणालो. पुण्यात ह्यानंतर २६,०००च्या दिशेने दोन्ही बाजूंनी पावले पडू लागली असती. ते मात्र शांतपणे म्हणाले, "आकडा राहू द्या, सार. कारण सांगा."

कारणे सांगू लागल्यावर व्यवहाराचे रूपच पालटले. मी झिजेबद्दल बोललो. ते म्हणाले, "ती झीज माझी. ही जोडी ऐकूनच लोकांनी बाकीच्या जोड्या नेल्या. तिचे ८,००० मी आधीच वजा केले आहेत." हा हिशेब मला फार मार्मिक वाटला. नमुन्याची झीज हा दुकानाचा खर्च. तो बाकीच्या विक्रीतून वसूल झालेला असतो, म्हणून शेवटच्या गिऱ्हाइकावर तो पडू नये. मग मी म्हणालो की मॉडेल बंद झाले, उद्या सुटे भाग मिळणार नाहीत, त्याचे आणखी ८,००० कमी करावेत. त्यावर त्यांचे उत्तर असे : मॉडेल तुम्ही बंद केले नाही, मीही केले नाही, दोघांचाही दोष नसलेले नुकसान दोघांनी निम्मे निम्मे सोसावे. २८,००० झाले. उरलेल्या ८,०००ना माझ्याकडे कारण नव्हते, म्हणून मी ते मागितले नाहीत.

मी पैसे काढत असताना ते म्हणाले, "एक सांगायचे राहिले. उजव्याची कडेची पट्टी मी गेल्या वर्षी रिची स्ट्रीटवर बदलून घेतली. काम चांगले आहे, पण मूळची नव्हे. त्याचे ३,००० कमी द्या." माझ्या कानाला दोन्हींतला फरक जाणवला नव्हता. आता बोलण्याची पाळी माझी होती. त्याच रिची स्ट्रीटवर मी आदल्या दिवशी चौकशी केली होती. ह्या जोडीतला ट्वीटर त्याच कंपनीच्या एका लहान मॉडेलमध्ये अजूनही वापरतात आणि तो सुटा मिळतो. सुटे भाग मिळणार नाहीत ही तक्रार तेवढ्यापुरती कमी झाली पाहिजे, असे मी म्हणालो. ते मोठ्याने हसले. १,००० रुपये परत वर चढले आणि सौदा २६,०००वर थांबला.

आकडा अगदी मधलाच आला, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. घासाघीस करूनही आम्ही तिथेच पोहोचलो असतो. पण तो २६,००० आणि हा २६,००० एक नव्हेत. सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात क्विंटस स्कीव्होलाची हकिकत दिली आहे. शेत विकत घेताना त्याने मालकाला एकदाच किंमत सांगायला लावली, आणि माझ्या मते त्याचे मोल अधिक आहे असे म्हणून वर १ लाख सेस्टर्स दिले. हे सज्जनाचे कृत्य नव्हे असे कोणी म्हणाले नाही. शहाण्याचे नव्हे असे मात्र पुष्कळांनी म्हटले. आपल्याकडे कौटिल्याने हा प्रश्न माणसाच्या सज्जनपणावर सोपवलाच नाही. देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा, असे त्याने नेमून दिले. एकाचा भरवसा मनावर, दुसऱ्याचा प्रमाणावर. मांबलमच्या त्या दुकानदाराचा मार्ग ह्या दोहोंच्या मधला होता : प्रत्येक रुपयामागचे कारण समोरच्याला ऐकू जाईल असे बोलावे.

आज बहुतेक किमती बोलाव्या लागत नाहीत. २००९च्या वैध मापनशास्त्र अधिनियमाखालील नियमांनुसार वेष्टित वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, आणि ते चांगलेच आहे. ज्याला भाव करता येत नाही, किंवा ज्याची भाषा दुकानदाराला कळत नाही, त्याचे त्याने रक्षण होते. परंतु छापील किंमत कारणे सांगत नाही आणि आपणही तिला ती विचारत नाही. खोके हरवलेल्या, मॉडेल बंद पडलेल्या, चार लोकांनी वापरलेल्या वस्तूच काय त्या ह्या मौनातून सुटतात. त्यांची किंमत कुठेच छापलेली नसते, म्हणून ती ठरवायला दोन माणसांना समोरासमोर बसावे लागते, आणि दुसऱ्याला ठाऊक नसलेले असे आपल्याला काय ठाऊक आहे, ह्याचा निकाल प्रत्येकाला आपल्याशीच लावावा लागतो.