पावणेदोन एकर हिरवळ

मैत्रिणींनो, घरी पाहुणे यायचे म्हटले की आपली कशी धांदल उडते, हे मी तुम्हांला नव्याने सांगायला नको. पडदे धुवा, डबे घासा, ठेवणीतल्या चादरी काढा आणि नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी येईल ना, याचा घोर लावून घ्या. चार माणसं यायची तर ही तऱ्हा. मग चोवीस देशांची पोरं खेळायला येणार आणि त्यांच्यासाठी मैदानं तयार ठेवायची, तर त्या घरच्या माणसांची काय अवस्था होत असेल!

हा प्रसंग आपल्या देशावर २०१७ साली आला. सतरा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा ६ ते २८ ऑक्टोबर या काळात भारतात झाली. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोव्यातलं मडगाव आणि आपल्या महाराष्ट्रातली नवी मुंबई अशी सहा ठिकाणं ठरली होती. पुढे २०२२ साली त्याच वयाच्या मुलींची विश्वचषक स्पर्धाही आपल्याकडे झाली. तिचा अंतिम सामना नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता आणि तो पाहण्याचा योग मला आला.

तुम्ही म्हणाल, अर्धापूरच्या बाईला फुटबॉलचं काय? खरंच आहे. आमचं गाव नांदेडच्या जवळ, नागपूरच्या रस्त्यावर. इथली ओळख केळीची. घरोघरी बोलणं चालतं ते केळीच्या भावाचं, कॅनॉलच्या पाण्याचं आणि वाऱ्याने आडव्या झालेल्या बागांचं. पण माझा दादा नेरूळला राहतो. त्या वर्षी भाऊबीज २६ ऑक्टोबरला होती आणि सामना ३० तारखेच्या रविवारी. ओवाळणी काय हवी, असं दादाने विचारलं, तेव्हा माझ्या लेकीने माझ्याआधीच सांगून टाकलं, "मामा, मॅचची तिकिटं!"

नांदेडहून तुम्हांला जायचं झालं तर तपोवन एक्स्प्रेस सोयीची. दिवसभराचा प्रवास आहे, डबा बरोबर घ्या. मुंबईपर्यंत न जाता ठाण्याला उतरायचं आणि तिथून लोकलने सरळ नेरूळ गाठायचं. स्टेडियम हमरस्त्यालगतच आहे आणि लांबूनच त्याचं पांढरं छत दिसू लागतं. २००८ साली ते खुलं झालं. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. आत गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की एवढ्या मोठ्या छताला बसणाऱ्यांच्या पुढ्यात एकही खांब नाही. मंगल कार्यालयात नेमका खांब आपल्याच वाट्याला येतो, तसं इथं होत नाही.

पण खरं सांगू? छत, दिवे, खुर्च्या सगळं विसरायला लावलं ते खालच्या हिरवळीने. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. मनातल्या मनात हिशेब केला, तर पावणेदोन एकर भरलं. आमच्याकडे एवढ्यात एखाद्या घरची केळीची बाग असते. तिच्यावर फिकट आणि गडद असे पट्टे होते. मला वाटलं, दोन जातींचं गवत लावलं असेल. तसं नसतं. गवत कापायच्या यंत्राला मागे रूळ असतो, तो ज्या दिशेने जातो तिकडे पाती झुकतात. मखमलीच्या झंपरवरून उलटसुलट हात फिरवला की दोन रंग दिसतात ना, अगदी तसंच.

या हिरवळीच्या पोटात काय असतं, ते नंतर मी आवर्जून वाचून काढलं, विचारून घेतलं. आपण कुंडी भरतो तेव्हा तळाशी खापराचे तुकडे घालतो, पाणी तुंबू नये म्हणून. अशी मैदानं म्हणजे एक मोठी कुंडीच. सगळ्यांत खाली पाणी वाहून नेणाऱ्या भोकांच्या नळ्या, त्यांवर खडीचा थर, त्यावर साधारण फूटभर वाळू आणि त्या वाळूत रुजवलेलं गवत. आपल्यासारख्या काळ्या मातीत ते लावत नाहीत. काळी माती पाणी धरून ठेवते आणि दहा जणींच्या धावण्याने चिखल होतो. वाळूतून पाणी निघून जातं. मात्र वाळूत कस नसतो, म्हणून खत थोडं थोडं आणि वरचेवर द्यावं लागतं. केळीच्या बागेत पाणी साचलं की मुळं कुजतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून मला हे सगळं चटकन कळलं.

नेरूळच्या मैदानाची अडचण आणखी वेगळी. ते मुळात क्रिकेटचं. क्रिकेटला मधोमध कडक मातीची खेळपट्टी लागते, फुटबॉलला तीच नको असते. तिच्यावर पडलं की गुडघे फुटायचे आणि चेंडूही वेडावाकडा उसळायचा. म्हणून तेवढ्या जागेत गवत बसवून सगळं एकजीव करावं लागतं. २०२२ या एकाच वर्षात त्या मैदानावर जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा झाली, मार्चपासून मेपर्यंत आयपीएलचे क्रिकेट सामने झाले आणि ऑक्टोबरात मुलींचा फुटबॉल विश्वचषक. सकाळी शाळा, दुपारी बारसं आणि रात्री भजन अशी एकाच हॉलची वाटणी करणाऱ्यांनाच त्यातली ओढाताण समजेल.

हिरवळ बिघडली की काय होतं, तेही सांगते. २०१७ च्या स्पर्धेत ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपांत्य सामना गुवाहाटीला ठरला होता. पावसाने तिथलं मैदान खराब झालं. अवघे दोन दिवस उरले असताना सामना कोलकात्याला न्यावा लागला. गुवाहाटीतल्या लोकांच्या तोंडचा घास गेला. कोलकात्यानेही तयारी काही थोडी केली नव्हती. तिथल्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आधी कृत्रिम गवत होतं, ते काढून खरं गवत लावलं होतं.

मैदानाखेरीज बाकीची यादी वाचली तर तुम्हांला लग्नघरच आठवेल. दोन्ही संघांना सारख्या सोयीच्या खोल्या, म्हणजे वरपक्ष-वधूपक्षात कुरकुर नको! पंचांच्या खोल्या, डॉक्टरची खोली, वार्ताहरांची जागा. वीज गेली तर जनरेटर. दिवे असे, की खेळाडूच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये आणि टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसावं. गर्दीला झटकन बाहेर पडता यावं म्हणून रुंद जिने आणि मोकळे दरवाजे. शिवाय सरावाची मैदानं वेगळी, कारण मुख्य हिरवळ रोज तुडवून चालत नाही. २०१७ साली नवी मुंबई महापालिकेने नेरूळचं यशवंतराव चव्हाण मैदान सरावासाठी तयार केलं होतं.

तर ३० ऑक्टोबरला आम्ही साडेचारच्या आत जाऊन बसलो. आधी तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया आणि जर्मनी यांचा सामना. तीन-तीन अशी बरोबरी झाली आणि शेवटी पेनल्टीवर नायजेरियाच्या मुली जिंकल्या. मधल्या वेळात माणसं आत आली आणि बुटांनी उखडलेले गवताचे तुकडे एकेक करून जागच्या जागी दाबू लागली. पहिली पंगत उठल्यावर दुसरीसाठी जागा पुसून घ्यावी, तशी ती लगबग. रात्री आठला स्पेन आणि कोलंबिया. जवळजवळ शेवटपर्यंत कोणाचाच गोल नव्हता. मग ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका मुलीकडून चेंडू स्वतःच्या जाळीत गेला आणि स्पेन १-० ने जिंकलं. ती पोर तोंड झाकून उभी राहिली. वहिनीने आणि मी एकाच वेळी डोळ्यांना पदर लावला. आमचे यजमान म्हणाले, "अहो, ती कोलंबियाची आहे!" असू दे. सतरा वर्षांची लेक कुठलीही असली तरी लेकच.

आता जी गोष्ट मला तुम्हांला सांगायचीच आहे, तिकडे येते.

ही मुलींची स्पर्धा खरं तर २०२० च्या नोव्हेंबरात व्हायची होती. कोरोना आला, तारीख २०२१ वर गेली आणि अखेर ती स्पर्धाच रद्द झाली. भारताला बदल्यात २०२२ चं यजमानपद मिळालं. त्यातही विघ्न आलंच. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप होतो, म्हणून जागतिक संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. मांडव घातला, पत्रिका वाटल्या आणि कार्यच मोडायची वेळ! अकरा-बारा दिवसांनी, २६ ऑगस्टला, बंदी उठली आणि ११ ऑक्टोबरला स्पर्धा सुरू झाली. वर्तमानपत्रांत लिहून आलं, स्पर्धा वाचली.

स्पर्धा वाचली, मैदानं वाचली. पण २०२० साठी तयारी करणाऱ्या पोरींचं काय झालं? त्या वेळी २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली खेळू शकणार होत्या. २०२२ च्या नियमात २००५ च्या आधी जन्मलेल्यांना जागा नव्हती. त्यांची पाळी आलीच नाही. दोष कोणाचा नाही, साथच तशी होती. पण विचार करा, गवत दोन वर्षं जपून ठेवता येतं, कापता येतं, पुन्हा लावता येतं. मैदानाला पुढची तारीख मिळते. मुलीच्या वयाला मिळत नाही.

आणि ज्या आपल्या मुली खेळल्या, त्यांचे सामने भुवनेश्वरला झाले. अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोल आपण खाल्ले आणि आपला एकही झाला नाही. हसू नका. कर्णधार अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली. अशा मुली तिथवर पोचल्या, हेच मोठं. पण एक धडा त्यातून मिळतोच. घर सजवलं म्हणजे घरचं कार्य साजरं होतंच असं नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत, आशियाई स्पर्धेत तर आपल्या महिला संघात कोरोनाचे इतके रुग्ण निघाले, की पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि आपल्याच अंगणातून आपल्यालाच बाहेर पडावं लागलं. मैदान पैसा ओतून थोडक्या काळात तयार होतं. खेळाडू मुलगी तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागतात आणि तिची सुरुवात नेरूळला होत नाही. ती अर्धापुरात, लोह्यात, औशात, उदगिरात, कुठल्या तरी शाळेच्या मागच्या ओबडधोबड पटांगणावर व्हावी लागते.

२०१७ च्या स्पर्धेआधी आपल्या सरकारने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' नावाचा उपक्रम केला होता, आठवतो का? १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा, असा तो बेत. शाळांना चेंडूही दिले होते. मी शिकवते त्या भागातल्या एका शाळेत त्या दिवशी मुली काय धावल्या! ओढण्या कमरेला बांधून, चपला काढून. दुसऱ्या दिवशी चेंडू कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. मुलगे मधल्या सुट्टीत काढून घ्यायचे, मुलींना कोणी विचारलं नाही.

नेरूळहून परत आल्यावर मी एवढंच केलं, मुख्याध्यापकांकडे कपाटाची किल्ली मागितली. बुधवारी आणि शनिवारी शेवटचा तास मुलींचा, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात तीन आया भेटायला आल्या. एक म्हणाली, "मॅडम, पोरगी काळी पडंल." दुसरीला गुडघ्याची काळजी. तिसरी जरा गप्प होती, मग हळूच म्हणाली, "नववीत गेली की बंद करा म्हनावं, लोक बोलतेत." पहिल्या दोघींना मी हळदीचा लेप आणि खोबरेल सांगितलं. तिसरीला म्हटलं, मावशी, शनिवारी तुम्हीच येऊन बसा, लेकीला खेळताना बघा, मग काय ते ठरवू. ती आली. पुढच्या शनिवारी पाण्याची कळशी भरून घेऊन आली.

आमचं पटांगण म्हणजे काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिकटा, उन्हाळ्यात भेगा. पण खडे वेचून आणि एका पालकांनी दिलेली दोन ट्रॅक्टर वाळू पसरून आम्ही ते बरंच सारखं केलंय. गोलाचे खांब बांबूचे.

नेरूळच्या त्याच स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. फुटबॉलच्या मुलींनीही ५ जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. म्हणजे वेळ लागतो, पण होतं.

तेव्हा दिवाळीत किंवा मे महिन्यात मुंबईकडे जाणं झालं, तर नेरूळला एखादा सामना जरूर बघा. पोटभर खाऊन निघा, पाण्याची बाटली आणि डबा आत नेऊ देत नाहीत. लेकींना बरोबर न्या. आणि गावी परत आल्यावर आपल्या लेकीच्या शाळेत एकदा चौकशी करा, की चेंडू ठेवलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते.