कागद नको म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी

मागच्या महिन्यात गल्लीतल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एका दवाखान्यात बाळ आहे म्हणे. आई कुमारी आहे, तिला नकोय. कागदबिगद काही लागत नाही, फक्त दवाखान्याचा खर्च द्यायचा. आमच्या सुनेसाठी घेऊन टाकू का? तू यातून गेलीयेस म्हणून तुला विचारलं."

मी यातून गेलेय, म्हणूनच लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

काकूंना तिथेच सांगितलं, असं काही करू नका. बाल न्याय कायद्यात अनाथ, सोडलेलं किंवा सोपवलेलं मूल परस्पर देणं-घेणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. पैसे घेतले-दिले तर ती मुलाची विक्री होते आणि शिक्षा आणखी वाढते. नात्यातलं मूल त्याच्या आईवडिलांनी रीतसर दत्तकपत्र करून देणं ही वेगळी गोष्ट, हिंदू दत्तक कायद्यात ती बसते. दवाखान्यातल्या मावशीमार्फत आलेलं बाळ त्यात बसत नाही.

आणि त्या मुलीचं काय? तिला कायद्याने बाल कल्याण समितीपुढे बाळ सोपवता येतं. तिचं नाव गुप्त राहतं. विचार बदलायला तिला दोन महिने मिळतात. दवाखान्याचं बिल भरून बाळ उचलून आणलं, तर तिचे ते दोन महिने आपण हिसकावून घेतलेले असतात. हे कुणी बोलत नाही.

काकू म्हणाल्या, "पण सरकारी रस्त्याने वर्षानुवर्षं जातात गं." तेही खोटं नाही.

आम्ही 2019 च्या सुरुवातीला कारा च्या पोर्टलवर नाव नोंदवलं. समाजसेविका घरी येऊन गेल्या, अहवाल झाला. मग नुसती वाट पाहणं. मे 2022 मध्ये लेकीचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला. होकार कळवायला 48 तास होते, आम्हाला दहा मिनिटंही लागली नाहीत. जूनमध्ये ती घरी आली. दोन वर्षांची होती, पहिले चार दिवस चप्पल काढायला तयार नव्हती. परत न्यायला कुणी येईल, असं तिला वाटत असावं.

पण घरी आली म्हणजे कागदावर आमची झाली असं नाही. आदेश होईपर्यंत आपण दत्तकपूर्व पालक. आमचा अर्ज न्यायालयात होता आणि नेमका तेव्हाच कायदा बदलला. 2021 ची दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी काढणार, त्यावर अपील विभागीय आयुक्तांकडे. न्यायालयात पडून असलेली प्रकरणंही तिकडे पाठवायची, असं सांगण्यात आलं. वकील म्हणाले, थांबा. कार्यालयात गेलो तर म्हणाले, आम्हाला अजून लेखी काही नाही. मग जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम निर्देश दिले, की न्यायालयातली प्रकरणं तूर्त हलवू नका. आमचा आदेश शेवटी मार्चमध्ये झाला.

मधल्या काळात लेक तापाने फणफणली. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यासमोर माझं पेन थांबलं. मी 'आई' लिहिलं. मेडिक्लेमवाल्यांनी मात्र आदेश मागितला, तो नव्हता. बिल आम्ही भरलं, त्याचं काही नाही. पण तो रकाना आजही डोळ्यांसमोर येतो.

तेव्हा खूप वाद झाला, आदेश जज्जने काढावा की कलेक्टरने. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. न्यायालयांवर खटल्यांचा डोंगर, कायद्यात दोन महिन्यांची मुदत असूनही तारखा पडत राहतात. कलेक्टर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पण निवडणूक, पूर, पीकपंचनामे, भूसंपादन सगळं त्यांच्याच टेबलावर. शिवाय मुलाचं नाव, वारसाहक्क आयुष्यभरासाठी ठरतात, तिथे न्यायाधीशाची नजर हवी असं म्हणणारे काही वेडे नाहीत.

पण माझा अनुभव विचाराल तर आदेश ही शेवटची पायरी आहे. आम्ही त्या पायरीवर काही महिने अडकलो, त्याआधी तीन वर्षांहून जास्त काळ रांगेत होतो. रांग कलेक्टरने कमी होत नाही. ती का लांबते, हे मला एका नऊ वर्षांच्या मुलाने शिकवलं.

मागच्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला आम्ही एका बालगृहात खाऊ घेऊन गेलो. (जाताना फोटो काढू नका, कृपा करून. या मुलांची ओळख जाहीर होईल असं काही छापणं कायद्याने मना आहे, आणि कायदा नसता तरी काढू नये.) लेकीला सगळं माहीत आहे, आम्ही लपवलं नाही. ती एका मुलाला ऐटीत म्हणाली, "मी पण अशाच घरात होते. मग आईबाबा आले." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग मला का नाही कोण नेत?"

मी काही बोलू शकले नाही. नंतर तिथल्या ताईंनी सांगितलं, वडील आहेत. वर्ष-दीड वर्षातून एकदा येतात, कधी येतही नाहीत. सोपवलंही नाही, नेलंही नाही. समितीने 'दत्तकासाठी मुक्त' असं जाहीर केल्याशिवाय मूल यादीत येत नाही. म्हणजे बाहेर पालकांची रांग आणि आत मुलं, मध्ये एक न झालेला कागद. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की दर दोन महिन्यांनी शोधमोहीम घेऊन संस्थांमधली अशी मुलं शोधा. आपल्या जिल्ह्यात अशा किती मोहिमा झाल्या, किती मुलं सापडली, हे पत्रकार मित्रांनी विचारावं. मीही माहिती अधिकारात अर्ज टाकतेय.

आणि दत्तक जमत नसेल तर? प्रतिपालकत्व आहे. मूल काही काळ आपल्या घरी वाढवायचं, त्याचं नाव-गाव त्याचंच. केंद्राने 2024 मध्ये याच्या आदर्श सूचना बदलल्या. सहा वर्षांवरच्या, संस्थेत राहणाऱ्या मुलांसाठी आता नुसती जोडपीच नाही, तर एकट्या, विधवा, घटस्फोटित व्यक्तीही पुढे येऊ शकतात. (एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही.) आणि मूल दत्तकासाठी मुक्त असेल तर पूर्वीच्या पाचऐवजी दोन वर्षांनी त्याच घरात दत्तक जाऊ शकतं. मिशन वात्सल्यमधून महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. शिवाय आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहे, त्यात महिना 2250 रुपये मिळतात. एक पालक गेलेल्या, आजी-मामांकडे वाढणाऱ्या मुलांनाही ती मिळू शकते. आपल्या गल्लीतच अशी दोन-तीन घरं असतील, त्यांना सांगा.

त्या योजनेला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. बरोबरच आहे. पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घर उघडणाऱ्या आणि त्यातल्याच एकीचा यशवंत पोटाशी धरणाऱ्या बाईचं नाव आहे ते. दीडशे वर्षं झाली, आणि आपण अजून "रक्त कुणाचं" विचारतो.

घरी प्रतिपालकत्वाचा विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "परत द्यायचंच पोर, तर जीव कशाला लावायचा?" मी म्हटलं, "आई, धाकट्या काकांचा सुनील आपल्याकडे दहावीपर्यंत सात वर्षं होता. परत गेलाच ना? जीव लावला नव्हता?" त्या गप्प बसल्या. संध्याकाळी मात्र म्हणाल्या, "त्या पोराला गोड आवडतं का तिखट, विचारून ये."

अर्ज दिलाय. मूल कुठलं मिळेल, मिळेल की नाही, हे समिती ठरवणार. तोच मुलगा येईल असं नाही, हे स्वतःला रोज बजावते. भीती वाटते. वडील उद्या सुधारले, न्यायला आले, तर दारात उभं राहून निरोप द्यावा लागेल. आणि खरं म्हणजे तसं झालं तर ते चांगलंच झालेलं असेल.

काकूंच्या सुनेचं नाव आता पोर्टलवर आहे. रांग मोठी आहे, पण बाळ आलं की त्याच्या मागोमाग पोलीस येणार नाहीत. कुणाला माहिती हवी असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, तिथे दलाल लागत नाही. बाळ अडचणीत दिसलं तर 1098 वर फोन करा. आणि ज्यांच्या कानावर "कागद लागत नाही" हे वाक्य येईल, त्यांच्यापर्यंत एवढं पोचवा.