आतलं धोतर आजोबांचं

घटस्थापनेच्या आधी आमच्या आळीत दसरा काढायचे. दसरा काढायचा म्हणजे घरातलं झाडून सगळं कापड धुवायला बाहेर. वाईची आळी, खाली कृष्णा. घाटाच्या पायऱ्यांवर गोधड्या वाळत पडायच्या आणि कुठली कुणाची हे काठावरून कळायचं. हिरव्या काठाची कोपऱ्यावरच्या घरची, जांभळ्या ठिगळाची आमची. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नसे. दोघी दोन टोकं धरून पिळायच्या. त्याआधी ती पायांनी तुडवायचं काम आम्हा पोरांचं, आणि त्या कामाला कुणी कधी नाही म्हटलं नाही.

शिवायची मात्र उन्हाळ्यात. सुगी उरकली, दुपारी लांबल्या की सोपा झाडून घ्यायचा आणि जुनेर बाहेर काढायचं. सगळ्यात खाली लुगडं. नऊवारी म्हणजे चांगलं आठ मीटर कापड, विरलेला भाग काढला तरी पुरून उरायचं. त्यावर आजोबांचं धोतर, कारण धोतराइतकं मऊ दुसरं काही नाही. मग काकांचे सदरे शिवण उसवून सपाट केलेले, परकराचे घेर, शाळेची विटलेली खाकी चड्डीसुद्धा. वरून पुन्हा लुगडं, त्यातल्या त्यात धडकं. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्याचा तांब्या, जे जड हाताला येईल ते. आणि चार बाजूंना चौघी: आजी, मोठी काकू, आत्या आणि शेजारची कुणीतरी.

कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. चौकोनात चौकोन, त्यात चौकोन, शेवटचा मधोमध तळहाताएवढा. आतले तुकडे एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून ओळी जवळजवळ. ऊबही त्यातच असते: थराथरांमध्ये हवा अडकते आणि टाका तिला धरून ठेवतो. आजीचा दंडक एकच होता, पायाचं बोट अडकेल असा टाका घालायचा नाही. अडकलं की उसवा. लुगड्याचे काठ वाया जात नसत, ते कडेला पट्टी म्हणून बसायचे. हात चालायचे तशा गोष्टीही चालायच्या. कृष्णाच्या बोटाला द्रौपदीने बांधलेल्या चिंधीची गोष्ट आम्ही ऐकली ती तिथेच, सुईत दोरा ओवून देता देता. अंगावर ठिगळं लेवून गावोगाव झाडू घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, हेही तिथेच कळलं.

मणी गोधडीवर नसत, अंगाखाली टोचतील. मणी कुंचीला. घरात बाळ येणार म्हटलं की दुपटं, झबलं, टोपडं आणि खणाची कुंची. वर खण, आत मलमलीचं अस्तर, मध्ये जुन्या लुगड्याचा एक थर. पाठीवर साखळी टाक्याचा मोर, कडेने मोती आणि काचेच्या नळ्या, टोकांना गोंडे. मणी विकत क्वचितच आणले जात. तुटलेली पोत, उसवलेलं तोरण, आत्याच्या रुखवतातल्या मोत्यांच्या नारळाचे सुटे मोती, सगळं तपकिरीच्या रिकाम्या डबीत. डबी सांडली की सोप्यात कुणी पाय हलवायचा नाही. एकेक मणी ओल्या बोटाच्या टोकाने उचलायचा. पाण्याच्या भांड्यावरच्या विणलेल्या रुमालालाही चहूबाजूंनी मणी असत, ते नुसत्या शोभेला नव्हेत. त्यांच्या वजनाने रुमाल वाऱ्याने उडत नसे.

या बायकांना कुणी कलावंत म्हटलं नाही, आणि मला ते चुकलेलंच वाटतं. कुठल्या रंगाशेजारी कुठला काठ ठेवायचा हे त्या उभ्याउभ्या ठरवायच्या, कागदावर एक रेघ न ओढता, आणि ते बरोबरच असायचं.

मग पाचवारी गोल साड्या आल्या, त्याही नायलॉनच्या. नायलॉन घसरतो, घाम टिपत नाही, टाका नीट धरत नाही. गोधडीत घालण्यासारखं जुनेरच घरात उरेना. जे उरलं ते बोहारणीकडे गेलं, एका स्टीलच्या डब्यासाठी चार साड्या. माळ्यावर रजया आल्या.

आमची जांभळ्या ठिगळाची गोधडी अजून आहे. वर तीनदा नवं कापड चढलं. फाटलं की काढायचं नाही, त्यावरच नवं घालायचं, म्हणून ती दरवेळी जाड होत गेली. मागच्या थंडीत कड उसवली तेव्हा आत पाहिलं. आजोबांचं धोतर तसंच आहे, त्याला शेवयांसारखा पिवळा रंग चढलाय, पण एक धागा सुटलेला नाही. शेजारी खाकी तुकडा होता. तो माझ्या भावाने ओळखला, खिशाच्या शिवणीवरून.

तुमच्याही माळ्यावर एखादी असेल. काढा, उन्हात घाला, कड उसवली असेल तर चार टाके घाला. धुण्याच्या मशीनमध्ये मात्र घालू नका. दोघं मिळून पिळा.