निकालानंतर उरतं ते

21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं 2006 च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाच जणांना विशेष न्यायालयानं फाशी सुनावली होती. एक जण निकाल ऐकायला हयात नव्हता. बरोबर दहा दिवसांनी, 31 जुलैला, 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही प्रकरणांचा सुरुवातीचा तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचा. कोठडीत छळ झाल्याचा आरोप दोन्हीकडच्या आरोपींनी केलेला. एकीकडे 180 हून जास्त माणसं गेलेली, दुसरीकडे सहा. आणि इतक्या वर्षांनी दोन्हीकडे हाती काहीच नाही.

त्या दहा दिवसांत मी माणसांची तोंडं बघत होतो. पहिल्या निकालानं ज्यांचं पित्त खवळलं, त्यांना दुसऱ्या निकालानं न्याय झाल्याचं समाधान मिळालं. पहिल्या निकालाला ज्यांनी न्यायव्यवस्थेचा विजय म्हटलं, त्यांना दुसरा निकाल म्हणजे व्यवस्था विकली गेल्याचा दाखला वाटला. ‘पोलिसांनी खोटा पुरावा रचला’ हे वाक्य दोन्ही तटांनी वापरलं, फक्त वेगवेगळ्या तारखांना. दोन्ही वेळा हेच म्हणणारी, किंवा दोन्ही वेळा ‘थांबा, निकाल वाचू द्या’ म्हणणारी माणसं मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. सरकार पहिल्या निकालाविरुद्ध लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्याला स्थगिती मिळाली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जावं लागलं नाही. पण माझा विषय ते अपील नाही. माझा विषय आपण आहोत, बाहेर बसून निकाल देणारे.

खुनाच्या खटल्यावर वाद घालताना आपण दोन प्रश्नांची गाठ मारतो. यानं खून केला का, हा एक. पोलिसांनी तपास नीट केला का, हा दुसरा. आपल्याला वाटतं की पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसरा विचारायचं कारण नाही. आणि दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं की आरोपी आपोआप देवमाणूस होतो. खरं तर दोषी माणसाविरुद्धही खोटा पंचनामा करता येतो, आणि अगदी चोख तपासातही निरपराध माणूस सापडू शकतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या-माझ्याकडे नसतं, असायचं कारणही नाही. दुसऱ्याचं मात्र बऱ्याचदा निकालपत्रातच लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही.

2008 च्या मे महिन्यातली नोएडाची गोष्ट घ्या. 16 तारखेच्या सकाळी जलवायू विहारातल्या फ्लॅटमध्ये आरुषी तलवार तिच्या खोलीत मृत सापडली. चौदावं पुरं व्हायला काही दिवस बाकी होते. घरातला नोकर हेमराज दिसत नव्हता, म्हणजे त्यानंच केलं असणार, असं ठरलं. नेपाळचा माणूस, नोकर, पळाला. जुळणी फारच सोपी होती. पोलिसांनी त्याच्यावर वीस हजारांचं बक्षीस लावलं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, रक्ताच्या खुणा होत्या. ते दार त्या दिवशी कुणी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा हेमराज तिथं मरून पडलेला होता. ज्याच्या शोधात पथकं निघाली होती तो वरच्याच मजल्यावर, आणि खालच्या घरात शेजारी, नातेवाईक, पत्रकार यांची ये-जा चाललेली. कोणती वस्तू कुणी हलवली, कोणत्या दाराला कुणाचा हात लागला, याचा हिशेब त्या सकाळीच हातचा गेला. पुढच्या नऊ वर्षांत जे न्यायालयांत घडलं, त्याची मुळं बऱ्याच अंशी या पहिल्या छत्तीस तासांत आहेत.

मग 23 मे. वडिलांना अटक झाली आणि मेरठच्या पोलीस महानिरीक्षकांनी पत्रकार परिषद घेतली. तिथं मुलीचं नावसुद्धा चुकीचं घेतलं गेलं. मुलगी आणि नोकर यांना बापानं नको त्या अवस्थेत पाहिलं आणि मारलं, अशी कथा सांगितली गेली. गेलेल्या मुलीची अब्रू एका दुपारी देशभर वाटली गेली. न्यायालयात सिद्ध करण्याची जबाबदारी नसलेल्या जागेवरून, वर्दीतल्या माणसानं. आमच्या ओळखीच्या एक काकू त्या दिवसापासून ठामपणे सांगत, ‘आईबापानंच केलंय हो, बघा ना ती आई रडतसुद्धा नाही.’ काकू वाईट नव्हत्या. नातवंडांवर जीव टाकणाऱ्या होत्या. पण टीव्हीवर बाई किती रडली यावरून खुनाचा निवाडा करायला त्यांना कुणीतरी शिकवलं होतं.

महिनाभरात तपास सीबीआयकडे गेला आणि कथा उलटली. आता तीन नोकर संशयित. त्यांची नार्को चाचणी झाली, त्यातलं काय-काय बाहेर पडलं ते वाहिन्यांवर दिसलं. नव्वद दिवसांत आरोपपत्र झालं नाही, ते सुटले. मग सीबीआयचंच दुसरं पथक आलं, संशय पुन्हा आईबापांवर. 2010 च्या अखेरीस याच सीबीआयनं पुरावा अपुरा म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल दिला. न्यायालयानं तो नाकारून खटला चालवायचं ठरवलं. नोव्हेंबर 2013 मध्ये गाझियाबादच्या न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. उच्च न्यायालयानं खालच्या न्यायाधीशांना जे सुनावलं ते वाचण्यासारखं आहे. गणिताचा शिक्षक जसा आधी काही गृहीत धरून उदाहरण सोडवतो तसा निकाल लिहिला गेला, असा त्याचा रोख होता. एका नोकराच्या उशीच्या अभ्र्यावर हेमराजचं रक्त असल्याची नोंद हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालात होती. ती टंकलेखनाची चूक, असा खुलासा नंतर आला. दोन खुनांच्या खटल्यात मुद्देमालाच्या नोंदीची अदलाबदल! आणि आपण चर्चा करत होतो आईच्या डोळ्यांतल्या पाण्याची.

नार्कोबद्दल एक आडवळण. संशयिताच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सेल्वी प्रकरणात स्पष्ट केलं. तरी आजही एखाद्या खुनानंतर गावात मोर्चा निघतो आणि निवेदनात मागणी असते, ‘आरोपीची नार्को टेस्ट करा.’ औषध टोचलं की खरं बाहेर येतं, ही श्रद्धा आपल्यात इतकी रुजली आहे की तिच्यापुढं सर्वोच्च न्यायालयही फिकं पडावं.

तलवार प्रकरणात निदान वाद तरी झाला. पुस्तक आलं, सिनेमा आला, लोकांनी घराचा नकाशा पाठ केला. आईबाप दोघेही दंतवैद्य, इंग्रजी बोलणारे, आपल्यासारखे. म्हणून आपल्याला आत डोकावावंसं वाटलं. ज्यांच्याबद्दल तसं वाटत नाही त्यांचं काय होतं, ते बघायला नोएडापर्यंत जायची गरज नाही.

5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ एका शेतमजूर कुटुंबाच्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बायका-मुलींवर अत्याचार झाले. घरातली आई आणि एक मुलगा गंभीर जखमी होऊन वाचले. वाचलेल्या आईला पोलिसांनी दोनच दिवसांत रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले. तिनं चार जणांवर बोट ठेवलं. पुढं आरोपी म्हणून जे सहा जण उभे केले गेले, त्यांत या चारांपैकी कुणीच नव्हतं. उभे केलेले सहाही जण भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे ठरायला 2012 उजाडलं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपलाच निकाल मागे घेतला, कारण ज्यांची शिक्षा वाढवली त्यांचं म्हणणं नीट ऐकलंच गेलं नव्हतं. आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्या, दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असंही सांगितलं.

सोळा वर्षं. तीन न्यायालयं, एकामागून एक फाशी, आणि ते चार फोटो सगळा वेळ कागदपत्रांत पडून. ज्यांच्यावर त्या बाईनं बोट ठेवलं, त्यांचा शोध का घेतला नाही, हा प्रश्न पडायला कायद्याची पदवी लागत नाही. पण नाशिकमध्ये, मुंबईत, पुण्यात त्या सोळा वर्षांत यावर काही वाद झाल्याचं तुम्हाला आठवतं? मला आठवत नाही. 2009 मध्ये फाशी झाली तेव्हा ‘बरं झालं, असल्यांना असंच पाहिजे’ असंच आपण म्हणालो असणार. शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आपण शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेऊन म्हणतो. मात्र त्या एका निरपराध्याचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर फारसा पालावर राहणाऱ्याचा नसतो.

याच्या उलट बाजूचा राग मला समजतो. ज्यांचं माणूस गेलं त्यांना पंचनाम्यातल्या त्रुटी सांगणं क्रूर वाटतं. ‘तुम्हाला आरोपीच्या हक्कांची काळजी, आमच्या पोरीचं काय?’ हा सवाल खोटा नाही. पण नाशिकच्या त्या आईचा विचार करा. तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं दाखवली होती. तपास सोयीच्या वाटेनं गेला म्हणून सहा जण सोळा वर्षं आत गेले, आणि तिचं घर उद्ध्वस्त करणाऱ्यांना कुणी हातही लावला नाही. खऱ्या गुन्हेगारांना शिक्षा झाली नाही ती तपास प्रामाणिक नसल्यामुळं, हे सर्वोच्च न्यायालयानंच नोंदवलं आहे. पोलिसांच्या वागणुकीबद्दल विचारणं म्हणजे आरोपीची बाजू घेणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण वाचावं. तिथं गबाळ्या तपासाचा फायदा झालाच असेल तर तो खुन्यांना झाला.

सत्र न्यायालयात वकिली करणारा माझा एक मित्र आहे. तो म्हणतो, निम्म्या केसेस पंचनाम्यातच मरतात. पंच म्हणून तीच ती माणसं, ठाण्याजवळच्या टपरीवरची. लिहून तयार असलेल्या कागदावर ती सही करतात आणि उलटतपासणीत जागा कुठली हेही सांगू शकत नाहीत. पोलिसापुढं दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही हे शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना ठाऊक असतं. तरी कष्ट घेतले जातात ते कबुली मिळवण्यासाठी, कारण ती लवकर मिळते आणि संध्याकाळच्या बातम्यांत जाते. मित्र पोलिसांनाही मोडीत काढत नाही. गणपतीचा बंदोबस्त, मंत्र्यांचा दौरा, मोर्चा आणि त्यातूनच खुनाचा तपास, हे सगळं त्याच माणसाच्या गळ्यात. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह प्रकरणात 2006 मध्येच सांगितलं आहे. झालं काय, ते आपल्या जवळच्या ठाण्यात जाऊन बघावं.

याहून कमी माहीत असलेला एक आदेश आहे. 7 जानेवारी 2014 ला, गुजरातमधल्या एका बालिकेच्या खुनाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं आरोपीची सुटका कायम ठेवताना एक गोष्ट बजावली. निर्दोष सुटका म्हणजे एकतर निरपराध माणूस अडकवला गेला किंवा गुन्हेगार तपासाच्या गलथानपणामुळं सुटला. दोन्हींत कुणीतरी जबाबदार आहे. म्हणून प्रत्येक राज्याच्या गृहखात्यानं पोलीस आणि सरकारी वकील यांच्यातल्या वरिष्ठांची समिती नेमावी, सुटकेच्या प्रत्येक निकालाची छाननी करावी, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खात्यानं कारवाई करावी. हे सगळं सहा महिन्यांत सुरू व्हायचं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्यात खुनाचा आरोपी सुटला, तर तो दोषी होता की नव्हता यावर चहाबरोबर वाद जरूर घाला, कुणी अडवत नाही. पण त्याबरोबर पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याला एक अर्जही करा: या सुटकेची छाननी झाली का, समितीनं काय म्हटलं, कुणावर कारवाई झाली? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.