थिजलेला पडदा

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक जण पेणच्या महाविद्यालयात शिकवतो, दुसरी रोह्याच्या. बिऱ्हाड पेणला, त्यामुळे एकीचा दिवस दिवा–रोहा गाडीत सुरू होतो आणि कासू, नागोठणे मागे टाकत रोह्याला पोचतो. मराठीच्या माणसांना यंत्रातले काही कळत नाही असा एक समज आहे आणि आम्हीही तो वर्षानुवर्षे सोयीस्करपणे जपला होता. २०२५ च्या मे महिन्यात तो सोडून देण्याची वेळ आली, त्याची ही हकिकत.

आमच्या घरी २००७ साली घेतलेला एक संगणक आहे. त्यावर विंडोज एक्सपी चालते. एक्सपीला तिच्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ पासून आधार देणे थांबवले, तेव्हापासून आम्ही या यंत्राची महाजालाशी असलेली जोडणी काढून टाकली. त्यावर क्रोशाचे आच्छादन घातले आणि गणपतीच्या साफसफाईखेरीज त्याच्याकडे फारसे फिरकलो नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाविषयी असते तशी, आहे तर असू दे, एवढीच भावना होती.

परंतु त्या संगणकात आमच्या तरुणपणाची तीन वर्षे आहेत. २००६ ते २००९ या काळात, सुट्टीच्या दिवशी, आम्ही पेण तालुक्यातल्या खारेपाटात हिंडून धवले गोळा करत होतो. आगरी समाजातल्या लग्नात धवलारीण जी विधिगीते गाते, ते धवले. मांडव, हळद, तांदूळ असा एकेक विधी तिच्या गाण्याबरोबर पुढे सरकतो. आम्हाला सात धवलारणी भेटल्या. त्यांची गाणी आधी कॅसेटवर घेतली, मग संगणकात उतरवली, आणि ऐकून ऐकून सुमारे चारशे पाने टंकलिखित केली. पुस्तक करायचे होते. नंतर नेट-सेट आले, मुलगी झाली, नॅकच्या फायली आल्या, आणि पुस्तक राहिले. सातांपैकी आज एकच आजी हयात आहेत.

पाने वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतलेली होती, एवढी अक्कल आम्हाला होती. अडचण निराळीच होती. त्या काळी आम्ही जी टंकलेखन प्रणाली वापरली, तिच्यातली अक्षरे युनिकोडमधली नव्हती. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे; पण छपाईच्या जगात आणि आमच्यासारख्यांच्या घरात पुढची कितीतरी वर्षे ज्या फॉन्टांचे राज्य होते, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर पान उघडते, पण दिसतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. शिवाय आमची प्रणाली चालायला एक डोंगल, म्हणजे कुलूप, लागत असे. ते प्रिंटरच्या जुन्या, रुंद जोडणीत बसते आणि तशी जोडणी आजच्या संगणकांना नसते. थोडक्यात, चारशे पाने आमच्या खिशात होती, परंतु ती वाचून दाखवणारे यंत्र जगात एकच होते.

मे महिन्यात एके रात्री आम्ही ते यंत्र सुरू केले. एका बाजूला धवल्याचे ध्वनिमुद्रण लावले, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर उघडला आणि ताडून पाहू लागलो. वीस-पंचवीस मिनिटांनी पडदा थिजला. माऊसचा बाण जागच्या जागी उभा. कोपऱ्यातले घड्याळ नऊ वाजून सतरा मिनिटांवर थांबलेले. आणि तरीही गाणे चालूच होते. २००८ साली वारलेल्या एका आजींचा आवाज शांतपणे पुढचे कडवे गात राहिला, आणि त्यांचे शब्द ज्या पडद्यावर होते तो मात्र मुका झाला. आम्ही गाणे संपेपर्यंत बसून राहिलो. मग बटण दाबून यंत्र बंद केले.

ही गोष्ट पुन:पुन्हा घडू लागली तेव्हा रोह्यात संगणकदुरुस्ती करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. त्याने आधी सहानुभूतीने यंत्राकडे आणि मग आमच्याकडे पाहिले. "सर, मॅडम, नवीन घ्या. याच्यावर किती खर्च करणार?" आम्ही डोंगल दाखवले तेव्हा तो गप्प झाला. वर्गात कधी दिसली नव्हती अशी एकाग्रता त्याच्या चेहऱ्यावर दिसली, आणि त्या संध्याकाळी शिकवण्याचे काम त्याने केले.

त्याचा पहिला धडा असा : पडदा थिजला म्हणजे संगणक थिजला असे नव्हे. थिजल्यावर कळफलकावरचे नम लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा पेटत-विझत असेल, किंवा आवाज चालू असेल, तर यंत्राचा मेंदू जागा आहे आणि फक्त चित्र काढणारा हात अडकला आहे. आमच्या यंत्राचा दिवा पेटत होता.

दुसरा धडा : सुरू होताना एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जावे. तिथे चित्र अगदी ओबडधोबड दिसते, कारण ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर बाजूला ठेवून यंत्र साध्या, सर्वांना चालणाऱ्या ड्रायव्हरवर काम करते. आम्ही तसे तीन तास चालवले. एकदाही अडले नाही. म्हणजे संशयित दोनच उरले, ड्रायव्हर किंवा ते कार्ड. पण सेफ मोडमध्ये राहूनही आमचे भागणार नव्हते. तिथे डोंगलचाही ड्रायव्हर बाजूला पडतो, आणि कुलूप उघडत नाही.

ड्रायव्हर या शब्दाने आमची नेहमीच दिशाभूल केली होती. चालक म्हटले की गाडी हाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो दुभाषा असतो. कार्यप्रणाली एक भाषा बोलते, कार्डाची चकती दुसरी. मधला हा निरोप्या इकडचे तिकडे पोचवतो. त्याने एखादे उत्तर आणलेच नाही तर एक्सपीसारखी जुनी प्रणाली बहुधा वाट पाहत उभी राहते. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून यावर तोड निघाली : दोन सेकंदांत कार्डाकडून उत्तर आले नाही तर प्रणाली स्वत:च कार्डाला पुन्हा उठवून बसवते. आमचे यंत्र त्या शहाणपणाच्या अलीकडचे.

आमच्या विद्यार्थ्याने सर्वांत नवा मिळेल तो ड्रायव्हर आणून घातला, आणि पडदा पुरता काळा झाला. तिसरा धडा त्याने स्वत:च्या चुकीतून दिला : जुन्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर चांगला असेलच असे नाही. कंपन्या कालांतराने जुनी कार्डे यादीतून वगळतात, आणि त्या कार्डाला ओळखणारा शेवटचा ड्रायव्हर शोधावा लागतो. आमच्याकडे तो २००७ च्या खोक्यातल्या सीडीवर असायला हवा होता. सीडी सापडली, मुलीच्या जन्मपत्रिकेखाली. सीडीचा कप्पा उघडेना, तेव्हा त्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकात टाचणी सरळ करून घालावी लागली. परंतु त्या सीडीवर कार्डाचा ड्रायव्हर नव्हता, मदरबोर्डाचा होता. मग आम्हाला आठवले : हे कार्ड मुळात संगणकाबरोबर आलेच नव्हते. २००९ साली सुट्टीला आलेल्या भाच्याच्या खेळांसाठी ते मागाहून बसवले होते.

दुसऱ्या दिवशी यंत्र उघडले. वीज तोडली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावला, आणि आत पाहिले. कार्डावरचा इवलासा पंखा धुळीने जाम झाला होता. चित्र रंगवण्याचे काम वाढले की चकती तापायची, आणि वीसेक मिनिटांत हात टेकायची. कार्डाच्या पायांचे सोनेरी दात काळवंडलेले होते. खारेपाटाचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस धातूला सोडत नाही. विद्यार्थ्याने खिशातून शाळकरी खोडरबर काढला आणि ते दात घासून लख्ख केले. "आता पंखा बघू," असे तो म्हणाला, पण तेवढ्यात आमच्यापैकी एकीने विचारले, "हे कार्ड काढूनच टाकले तर?"

तो थबकला, मग हसला. कार्डाचा ड्रायव्हर सेफ मोडमधून आधी काढला, यंत्र बंद केले, कार्ड उपसले आणि पडद्याची वायर मदरबोर्डाच्या मूळच्या जोडणीत लावली. सीडीवरचा जुना ड्रायव्हर घातला. रंग जरा फिके दिसतात. पण त्या रात्री यंत्र चार तास चालले, पुढच्या रात्री पाच. आम्हाला खेळ खेळायचे नव्हते. अक्षरे दिसली की पुरे होते. आम्ही तीन आठवडे जे बरे करू पाहत होतो, त्याची आम्हाला गरजच नव्हती.

त्यानंतर पानांचे युनिकोडमध्ये रूपांतर सुरू केले. यातही दुभाषाच लागतो, आणि तोही चुकतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरामागे येते. रफाराचे नेमके उलट. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि रफार भलत्याच डोक्यावर चढतात. हे दोष दिसतात तरी. न दिसणारा दोष आमचाच निघाला. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न', 'ड'चा पुष्कळदा 'र'. ध्वनिमुद्रणात आजी स्वच्छ 'घोरा' म्हणतात, आणि पानावर आम्ही 'घोडा' लिहिले आहे. एकदा नव्हे, पानोपानी. मराठीचे एम.ए. नुकतेच झालेल्या दोन जाणकारांनी धवलारणींचे शुद्धलेखन तपासले होते. वर्षानुवर्षे थिजलेल्या पडद्याला दोष देताना मधला एक बिघडलेला दुभाषा आम्हीही होतो, हे आम्हाला चौथ्या-पाचव्या पानावर कळले.

आता रोज रात्री दहा पाने होतात. ध्वनिमुद्रण लावायचे, पडद्यावर ओळ पाहायची आणि 'ड' खोडून 'र' करायचा. रविवारी तयार झालेली पाने घेऊन आम्ही हयात असलेल्या आजींकडे जातो आणि वाचून दाखवतो. त्यांना वाचता येत नाही, ऐकू मात्र उत्तम येते. एखाद्या शब्दावर त्या मान हलवून थांबवतात आणि तो शब्द आपल्या तोंडाने पुन्हा म्हणतात. आम्ही तो पेन्सिलीने लिहून घेतो. खोडरबर आता आमच्या पिशवीत असतो.