उंची माहीत नसलेला वाटाड्या

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲपलक्रॉस नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे जाणारी जुनी वाट ब्यालख ना बा या घाटातून जाते. समुद्रकाठावरून निघालेला हा एकपदरी रस्ता काही मैलांतच ६२६ मीटर उंची गाठतो, आणि माथ्याजवळची वळणं इतकी आवळलेली आहेत की वरून उतरणाऱ्याला खालच्या गाडीचं आधी छप्पर दिसतं. घाटाच्या पायथ्याशी मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरॅव्हॅन यांनी पहिल्या मैलापुढे जाऊ नये. २०१५ मध्ये उत्तर स्कॉटलंडची पाचशे मैलांची प्रदक्षिणा ‘एनसी ५००’ या नावाने पर्यटकांपुढे आली आणि या अंगाला मोटरहोमची रीघ लागली. शील्डेगवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा दुसरा रस्ताही आहे. लांबचा, पण मोठ्या गाडीला झेपणारा. डॅशबोर्डात बसवून मिळणाऱ्या बहुतेक नकाशांना या दोन रस्त्यांत फरक दिसतो तो फक्त अंतराचा आणि वेळेचा. जवळचा रस्ता निवडला जातो, निळी रेघ घाटाकडे वळते, आणि तो शांत, आर्जवी आवाज पुढे जायला सांगतो.

या आवाजावर चिडणारे सहसा उपग्रहांना बोल लावतात. तो अन्याय आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. त्या वेळांमधल्या सूक्ष्म फरकांवरून गाडीतला रिसीव्हर आपली जागा काढतो. १ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली, तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली ही जागा काही मीटरपर्यंत अचूक कळते. माणसाने केलेल्या अत्यंत देखण्या कामांपैकी हे एक आहे, असं मला मनापासून वाटतं. उपग्रहाचं काम ‘तुम्ही इथे आहात’ इथवर संपतं. इथून पुढे कुठून जायचं, हे गाडीतला नकाशा आणि त्यावरचं गणित ठरवतं. आणि त्या गणिताला जागा बरोबर कळलेली असते. त्या जागी उभं कोण आहे, हे कळलेलं नसतं.

हे अज्ञान येतं कुठून, ते पाहिलं म्हणजे रागाला योग्य पत्ता मिळतो. युरोपातल्या मोटरहोमचा मोठा हिस्सा फियाट ड्युकाटोवर उभा असतो. ही गाडी इटलीत आब्रुत्सो प्रांतातल्या अतेस्सा इथे तयार होते. तिथून तिचा पुढचा भाग आणि चॅसी जर्मनीत बाड वाल्डझेला जाते, नाहीतर इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या कॉटिंगहॅमला, आणि तिथे तिच्यावर घर चढतं: पलंग, शेगडी, पाण्याच्या टाक्या, न्हाणी, माथ्यावरची खिडकी. कायद्यालाही हे दोन टप्पे मान्य आहेत. मूळ गाडीची मंजुरी वेगळी, चढवलेल्या घराची वेगळी, आणि दुसऱ्या टप्प्यानंतर गाडीवर नवी पट्टी ठोकली जाते. पडद्यातलं यंत्र मात्र बऱ्याचदा पहिल्या टप्प्यातलंच राहतं. माप एकाचं घेतलं आणि कपडा दुसऱ्याच्या अंगावर चढवला, तर शिंप्याचा हात कितीही चांगला असो, शिवण उसवणारच.

इंग्लंडमधल्या ईली या गावी स्टेशनजवळ रेल्वेचा एक पूल आहे. खालून जायची उंची ९ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर. पुलाला गाड्या धडकण्याच्या बाबतीत हा पूल देशभर बदनाम होता, आणि २०१८ मध्ये गावाला वळसा घालणारा रस्ता सुरू झाला. ड्युकाटोची मधल्या उंचीची साधी व्हॅन सुमारे २.५ मीटर भरते. ती या पुलाखालून निघून जाते. त्याच ड्युकाटोवर घर चढलं की उंची तीन मीटरच्या आसपास जाते, आणि ती गाडी तिथे अडकते. इंजिन तेच, पडदा तोच, आवाज तोच. ब्रिटनमध्ये तीन मीटरहून उंच अशा अनेक वाहनांत चालकाला बसल्या जागेवरून दिसेल अशी उंचीची पट्टी लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिच्यावरचे आकडे किमान ४० मिलिमीटर उंच हवेत. मला या केबिनमधली ही एक गोष्ट सगळ्यांत बोलकी वाटते. काचेच्या वर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीला गाडीची उंची ठाऊक आहे. तिच्याखाली हातभर अंतरावर जो रंगीत पडदा रस्ता निवडतो, त्याला ती कोणी सांगितलेली नाही.

आणि उंची ही तर एकच बाजू. घर चढल्यावर रुंदी २.०५ मीटरवरून सुमारे २.३ मीटरवर जाते, आरसे वेगळेच. कॉर्नवॉल आणि डेव्हनमधल्या आडवाटांना दोन्ही बाजूंनी दगडमातीचे उंच बांध असतात, त्यांवर झुडपं माजलेली. तिथे हा वीतभर फरक म्हणजे समोरून ट्रॅक्टर आला तर निघता येणं आणि न येणं यांतला फरक. मागच्या चाकांच्या मागे घराचा लांब भाग लोंबत असतो. चालक उजवीकडे वळला की ती शेपूट डावीकडे फिरते आणि कोपऱ्यावरचा खांब किंवा भिंत घासते. ‘शक्य तिथे वळून मागे या’ हे वाक्य छोट्या गाडीला सूचना असतं. सात-साडेसात मीटरच्या घराला, आतली ताटं-कपाटं खडखडत असताना, त्याचा काहीच उपयोग नसतो. सॉमरसेटमधली पोरलॉकची चढण ए-३९ या रस्त्यावर आहे, म्हणजे नकाशाच्या दृष्टीने चांगला हमरस्ता. पण तिथे चढ चाराला एक इतका तीव्र होतो. शेजारीच टोल घेणारा सौम्य चढाचा रस्ता आहे. रस्त्याच्या वर्गावरून त्याची योग्यता ठरवणाऱ्या गणिताला हा भेद कळणं अवघड. फ्रान्समध्ये उंची तीन मीटरच्या वर गेली किंवा परवानगीचं एकूण वजन साडेतीन टनांच्या वर गेलं, की टोलचा वर्ग बदलतो. ऑस्ट्रियात साडेतीन टनांपुढच्या गाडीला मुदतीचा टोल-पास चालत नाही, अंतरावर पैसे मोजणारी पेटी घ्यावी लागते. म्हणजे टोलवाला गाडीचं माप घेतो, सरकार घेतं, विमा कंपनी घेते. वाट दाखवणाऱ्यानेच तेवढं घ्यायचं राहतं.

काळाचाही एक हिशेब आहे. मोटरहोम थोडी चालते आणि पुष्कळ वर्षं जगते. वीस वर्षांची, जपून वापरलेली घरं रस्त्यावर सर्रास दिसतात. त्यांच्या डॅशबोर्डातलं यंत्र तितकं जगत नाही. जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, सर्वांत अलीकडे ६ एप्रिल २०१९ रोजी आला, आणि ज्या जुन्या रिसीव्हरांत त्याची तजवीज नव्हती त्यांच्या तारखा बिघडल्या. ब्रिटनमध्ये ३जी जाळी बंद होत गेली, तसा त्यांवर विसंबलेल्या यंत्रांचा थेट माहितीचा झराही आटला. सुटं यंत्र बदलता येतं. अंगातच बसवलेलं बदलायचं, तर डॅशबोर्ड उघडावा लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो चालकाच्या जबाबदारीचा. पाट्या आहेत, डोळे आहेत, सुकाणू माणसाच्या हातात आहे. यंत्राला दोष कशाला? कायद्यापुढे जबाबदारी चालकाचीच आहे, आणि ती तशीच राहावी. पण पाटी बऱ्याचदा तिथे भेटते जिथून माघार उरलेली नसते. बांधाबांधांमधल्या वाटेवर, मागे दोन गाड्या लागलेल्या असताना, ‘पुढे अरुंद’ हे वाचून आठ मीटरचं घर उलटं नेणं ही शिक्षा आहे. वाट निवडणं हा दहा मैल आधीचा निर्णय असतो, आणि चालकाने तो आपण होऊन यंत्राच्या हवाली केलेला नाही. यंत्र विकलंच गेलं त्यासाठी.

दुसरे म्हणतात, खिशात फोन आहे, तो वापरा. फोनचा नकाशा ताजा असतो हे खरं, पण तोही सहसा मोटारीसाठीच विचार करतो, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात नेटवर्क मैलोन् मैल नसतं. तिसरा आक्षेप धंद्याचा: मोटरहोमवाले मूठभर, त्यांच्यासाठी पुलांची उंची कोण मोजत बसणार? मोजून झालेली आहे. ट्रकसाठी पुलांच्या उंचीचा, रुंदीचा, वजनाच्या मर्यादांचा तपशील नकाशा-कंपन्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच गोळा केला. गार्मिन आणि टॉमटॉम यांची कॅम्परसाठीची सुटी यंत्रं चालकाकडून लांबी, रुंदी, उंची, वजन भरून घेतात आणि त्याप्रमाणे वाट काढतात. काही मोटरहोम-कंपन्या आता अशीच सोय असलेला पडदा स्वतः बसवून देऊ लागल्या आहेत. जिथे ते झालं आहे तिथे तक्रारीचं मूळच सुटलं. जे काचेला चिकटवलेल्या छोट्या यंत्राला जमतं, ते लाखभर पौंडांच्या घरातल्या यंत्राला जमत नाही, याला खर्चाचं कारण पुरत नाही. खरं कारण हे की अतेस्साच्या कारखान्यासाठी ती व्हॅन होती आणि कॉटिंगहॅमच्या कारखान्यासाठी तो पडदा आधीच बसलेला होता. मधल्या हस्तांतराला कोणी वाली नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. इथेही चॅसी एकाची आणि वर घर बांधणारा दुसरा, हीच रीत आहे. घाट मात्र आपले आहेत आणि त्यांतली वळणं कोणत्याही स्कॉटिश वळणाला हार जाणारी नाहीत. दुसऱ्याच्या चुकीतून शिकण्याची सवलत आपल्याला सध्या आहे.

रस्ता चुकण्यात आनंद असतो, असं मानणाऱ्यांचा पक्ष मला जवळचा वाटतो. घर बरोबर घेऊन निघणारा माणूस पोहोचण्यासाठी निघतच नाही; संध्याकाळ झाली तिथे मुक्काम, हीच त्याची चैन. पण भटकणं वेगळं आणि अडकणं वेगळं. वाट सोडण्याचा आनंद ज्याला परतता येतं त्यालाच मिळतो. दुसऱ्या टप्प्यावर नवी पट्टी ठोकतानाच लांबी, रुंदी, उंची आणि वजन हे चार आकडे यंत्रात भरले जावेत, मालकाला ते बदलता यावेत (छपरावर सायकली किंवा पेटी चढली की उंची पुन्हा बदलते), आणि ज्या रस्त्याची रुंदी किंवा ज्या पुलाची उंची नकाशाला ठाऊक नाही, तिथे निळ्या रेघेऐवजी वेगळ्या रंगाची रेघ यावी. मग पुढे जायचं की शील्डेगवरून वळसा घ्यायचा, हे घाटाच्या बऱ्याच अलीकडे, गाडी बाजूला लावून, चहा पीत ठरवता येईल.