आधी वाच, मग धाव

गाड्यांच्या शर्यतींवर लिहिणार म्हटल्यावर आमच्या घरात जो हशा पिकला, तो चांगला दोन दिवस टिकला. हसणाऱ्यांचंही बरोबर आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झाले, जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, आणि स्वतः सायकलच्या पलीकडे काही चालवलं नाही. पण सातपूरला राहून गाड्यांपासून सुटका नसते. महिंद्राचा कारखाना इथलाच. एमआयडीसीमुळे ओळखीच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी गाडीचा कुठला तरी सुटा भाग बनवतं. नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्याही होऊन गेल्या आहेत. अशा गावात वाढलेल्या पोराच्या डोक्यात शर्यतीचं खूळ शिरलं तर नवल काय? आमच्या नातवाच्या डोक्यात ते शिरलंच. नोकरी सांभाळून, मित्रांबरोबर वर्गणी काढून, हौशी गटात उतरायचं त्याचं चाललं आहे.

टायर, सस्पेन्शन, हेल्मेट यांवर ही मुलं तासन्‌तास बोलतात. नियमांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आजी, ते तिथे गेल्यावर सांगतात!" प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना न वाचता पहिला प्रश्न सोडवायला घेणारी मुलं मी जन्मभर पाहिली. पाचपैकी तीन सोडवायचे असताना पाचही सोडवून, वेळ संपला म्हणून रडणारी! तेव्हा मला काही राहवेना. नातवाकडून नियमांची ती सगळी चळत छापून घेतली आणि शब्दकोश शेजारी ठेवून रोज दुपारी वाचायला बसले.

पहिली गोष्ट कळली ती ही की नियमांचं पुस्तक एक नाही, त्यांची उतरंड आहे. सगळ्यांत वर एफआयए या जागतिक संघटनेची संहिता. तिच्याखाली आपल्या देशातल्या एफएमएससीआय या महासंघाचे नियम, मग त्या मालिकेचे, मग त्या एका स्पर्धेचे पूरक नियम. शेवटी स्पर्धेच्या ठिकाणी नोटीस बोर्डावर लागणारी बुलेटिनं. म्हणजे घरून सगळं पाठ करून गेलात आणि बोर्ड वाचला नाहीत, तरी फसलात. वरच्या संहितेत एक कलम आहे. जो भाग घेतो त्याला हे सगळे नियम ठाऊक आहेत आणि ते मान्य आहेत, असं धरलंच जातं. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य तिथे चालत नाही.

आता एक मासला सांगते. रॅलीत दोन प्रकारचे टप्पे असतात. एक बंद रस्त्यावरचा, जिथे जोरात जायचं. दुसरा साध्या रस्त्यावरचा, जिथे तुमच्याआमच्यासारखे रहदारीचे नियम पाळत पुढच्या ठाण्यावर पोचायचं. ठाण्यावर पोचायचं मिनिट ठरलेलं असतं. जागतिक रॅलीच्या नियमात उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा सेकंदांचा दंड आहे, आणि लवकर आल्याच्या प्रत्येक मिनिटाला? पूर्ण एका मिनिटाचा! तीन मिनिटं उशीर केलात तर ३० सेकंद, तीन मिनिटं घाई केलीत तर १८०. साध्या रस्त्यावर कुणी गाडी पिटाळू नये म्हणून केलेली ही युक्ती मला फार आवडली. नातवाच्या एका मित्राला ती ठाऊक नव्हती. शर्यत आहे, लवकर गेलेलं बरं, म्हणून त्याने वेळेआधीच आपलं कार्ड पुढे केलं. दिवसभर मर मर मरून कमावलेले सेकंद त्या एका हात पुढे करण्यात गेले.

सेकंद जाऊ देत, पुन्हा कमावता येतात. पण पुढचं वाचताना मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. गाडीत दोन पाट्या असतात. एकीवर हिरव्या अक्षरांत 'ओके', दुसरीवर लाल 'एसओएस'. गाडी उलटली पण आत कुणाला लागलेलं नाही, तर मागून येणाऱ्या किमान तीन गाड्यांना 'ओके' दाखवायचं आणि लाल त्रिकोण पन्नास मीटर आधी ठेवायचा. लाल पाटी दिसली, किंवा मोठा अपघात झालेला दिसतो आहे आणि दोघंही आतच आहेत पण कुठलीच पाटी दाखवत नाहीत, तर मागच्याने थांबलंच पाहिजे. त्याच्या मागून येणाऱ्याने पुढच्या रेडिओच्या ठिकाणी खबर द्यायची, बाकीच्यांनी रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवायची. थांबलेल्याचा वेळ बुडत नाही, त्याला अंदाजाने योग्य तो वेळ देण्याची सोय नियमातच आहे. हे शेवटचं वाक्य ज्याने वाचलेलं नाही, तो पोरगा त्या क्षणी काय करेल? "थांबलो तर हरलो" असं म्हणून पुढे निघून जाईल. आणि आत अडकलेला कदाचित माझा नातू असेल.

बंद रस्ताही पुरता बंद नसतो, हे आपण २०१९ मध्ये पाहिलं. त्या सप्टेंबरात राजस्थानात बारमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या वाटेवर एक मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातली तीन माणसं गेली. गाडी चालवणारे गौरव गिल म्हणजे देशातले नावाजलेले चालक, तेही जखमी झाले. ती फेरी रद्द झाली. इतक्या कसलेल्या माणसाच्या वाट्याला जे आलं, त्यातून हौशी पोरांनी निदान एवढं शिकावं. शर्यतीआधी रस्ता पाहायला जातात, त्या पाहणीसाठी घातलेली वेगमर्यादा ही सूचना नाही, नियम आहे. त्या वेळी रस्त्यावर गावातली पोरं, गुरं, बैलगाड्या सगळं असतं.

नियम म्हणजे नुसता बडगा असं मात्र कुणी समजू नये. तुमचे हक्कही तिथेच लिहिलेले असतात. निकाल चुकला असं वाटलं तर तक्रार लेखी करायची, सोबत शुल्क भरायचं, आणि तात्पुरता निकाल लागल्यापासून साधारण अर्ध्या तासाच्या आत. चहाच्या टपरीवर तासभर हळहळलं की हक्क संपला.

याच बाबतीतली एक गोष्ट वाचून मी थक्क झाले, आणि तिच्यात आपल्या मुंबईचा माणूस आहे. १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू करणारे नाझीर हुसेन पुढे जागतिक शर्यतींत स्टुअर्ड, म्हणजे न्याय देणारे अधिकारी झाले. १९९८ च्या ब्रिटिश ग्रांप्रीला, सिल्व्हरस्टोनला, तीन स्टुअर्डांपैकी ते एक होते. पाऊस पडत होता, सेफ्टी कार बाहेर होती, आणि शुमाकरने एका गाडीला ओलांडलं. दंड ठोठावला, पण संघाला तो कळवायची मुदत २५ मिनिटांची आणि कागद पोचला ३१ मिनिटांनी. हाताने लिहिलेल्या त्या कागदावर दंड नेमका कोणत्या प्रकारचा हेही नीट कळेना. फेरारीच्या लोकांना नियमांची खडान्‌खडा माहिती. त्यांनी शुमाकरला शेवटच्या फेरीत पिटमध्ये बोलावलं. त्यांची जागा अंतिम रेषेच्या पुढे होती, म्हणजे दंड भोगायला थांबण्याआधीच तो शर्यत जिंकून बसला! मॅक्लारेनची तक्रार टिकली नाही, दंड रद्द झाला आणि तिन्ही स्टुअर्डांनी आपले परवाने परत केले. जगातल्या सर्वोच्च शर्यतीत इतक्या अनुभवी माणसांकडून असं होतं, तर नाशिकच्या धुळीत होणार नाही कशावरून? फेरारीकडे नियम वाचायला पगारी माणसं होती. आमच्या पोरांकडे कोण आहे? चालक तोच, मॅनेजर तोच, मेकॅनिकचा मदतनीसही तोच. त्यामुळे वाचायचंही त्यानेच.

विम्याचंही सांगून टाकते, कारण हे घरच्यांनीही ऐकायला हवं. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. आणि परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रात्री त्र्यंबक रोडवर आवाज करत जाणाऱ्यांनी स्वतःला रेसर म्हणवून घेऊ नये, एवढंच म्हणते.

इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे एक सनावळी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०३ मध्ये पॅरिसहून माद्रिदला निघालेली शर्यत वाटेत इतकी माणसं मेली की बोर्दोलाच थांबवावी लागली. मेलेल्यांत रेनॉ कंपनीच्या भावांपैकी मार्सेल रेनॉही होता. बंद रस्ते, झेंडे, पट्टे, पाट्या हे सगळं अशा मरणांनंतर एकेक करून आलेलं आहे. पट्ट्याची मुदत पाच वर्षांनी संपते, मग तो नवाकोरा दिसत असला तरी बाद, हे वाचून मुलं कुरकुरतात, पट्टा महाग असतो म्हणून. कुरकुरू देत.

माझं तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे. सगळं एका बैठकीत वाचू नका, कंटाळाल. आधी झेंडे आणि पाट्या. मग वेळेचे नियम आणि दंड. मग तक्रारीचं कलम. शेजारी बसणाऱ्या जोडीदाराला वाचायला लावा आणि एकमेकांना तोंडी प्रश्न विचारा. परीक्षेच्या आदल्या रात्री करायचा तसा हा अभ्यास नव्हे, महिनाभर आधी सुरू करा. इंग्रजी जड जात असेल तर लाजू नका. माझ्यासारखा शब्दकोश घ्या, सत्तरीनंतरही जमतं.